दोन शाळा आणि एक शासन निर्णय

अनुदानित शाळा म्हणजे काय, हे ठाण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पगार सरकारचा, शाळा संस्थेची. भाचीने फोनवर आयर्लंडच्या प्राथमिक शाळांचं वर्णन सुरू केलं, तेव्हा मी तिला मध्येच थांबवलं, "अगं, मग अनुदानितच की!" ती डब्लिनमध्ये नर्स आहे आणि लेकीला शाळेत घालायची म्हणून माहिती काढत होती. मी महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेली बाई, त्यामुळे घरातल्या असल्या चौकशा माझ्याकडेच येतात.

तिथे संस्थाचालकाला पेट्रन म्हणतात. दहातल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळांचा पेट्रन कॅथलिक चर्च, म्हणजे त्या भागातला बिशप. व्यवस्थापन मंडळ तो नेमतो, शाळेचं वळण तो ठरवतो. शिक्षकांचे पगार सरकार देतं. गंमत अशी, की १८३१ साली ही व्यवस्था सुरू झाली ती वेगवेगळ्या पंथांच्या मुलांनी एका वर्गात बसावं म्हणून. हळूहळू ज्याची त्याची शाळा झाली. १९७८ मध्ये डॉकी या उपनगरात काही पालकांनी सर्वधर्मीय शाळा काढली, त्यातून अशा शाळा चालवणारी एज्युकेट टुगेदर ही संस्था उभी राहिली. पण तीही संस्थाच, सरकार नव्हे.

मग नव्या वसाहती उठल्या. आपल्या घोडबंदर रोडला झालं तसंच, इमारती आधी, शाळा मागाहून. बाहेरच्या देशांतून आलेल्या कुटुंबांकडे बाप्तिस्म्याचा दाखला नव्हता आणि चर्चच्या शाळा आधी आपल्या पंथाची मुलं घेणार. २००७ च्या सप्टेंबरमध्ये डब्लिनच्या उत्तरेला बॅलब्रिगन इथे प्रवेश न मिळालेल्या मुलांसाठी घाईघाईने शाळा उघडावी लागली. वर्गात पाहावं तर जवळजवळ सगळी मुलं आफ्रिकी कुटुंबांतली. कुणी ठरवून केलं नव्हतं, नियमाप्रमाणेच सगळं झालं होतं. मला तर त्याचीच जास्त भीती वाटते.

२००८ मध्ये पश्चिम डब्लिनमध्ये दोन शाळा प्रयोग म्हणून सुरू झाल्या, कम्युनिटी नॅशनल स्कूल. पेट्रन चर्च नाही की ट्रस्ट नाही. सुरुवातीला खुद्द शिक्षणमंत्री, पुढे स्थानिक सरकारी शिक्षण मंडळ. म्हणजे झेडपीची शाळाच! हे म्हटल्यावर भाची हसत सुटली. आपल्याकडे जे गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, ते तिथे 'नवं मॉडेल' म्हणून चाचपून पाहिलं जात होतं.

त्यात धर्माचा विषय सगळ्यात अवघड गेला. मुलं एरवी एकत्र, पण वर्षातले काही आठवडे धर्माप्रमाणे गट करून शिकवायचं असं ठरलं. पहिलीच्या वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही कळेल, की शेजारी बसणाऱ्या दोघांना 'तू इकडे, तू तिकडे' म्हटलं की ते कायम लक्षात राहतं. टीका झाली, पुढे ते गट बंद केले. दोनच शाळांपासून सुरुवात होती म्हणून बरं. आज अशा शाळा तीसच्या आसपास आहेत, आणि २०१८ च्या कायद्यानंतर कॅथलिक प्राथमिक शाळांनाही धर्म पाहून प्रवेश देता येत नाही.

आणि आपण? आपल्याकडे सरकारी शाळा आहेच, तर आपण तिला पेट्रन शोधतोय. सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजनेचा शासन निर्णय निघाला: कंपनीने किंवा देणगीदाराने सरकारी शाळा ठरावीक मुदतीसाठी दत्तक घ्यायची आणि ठरलेल्या किमतीची मदत करायची. ठाण्यासारख्या ब वर्ग महापालिकेतली शाळा ५ वर्षांसाठी २ कोटी, १० वर्षांसाठी ३ कोटी. विटावा ओलांडून दिघ्यात शिरलं की नवी मुंबई, ती क वर्गात, म्हणून तिथे १ आणि २ कोटी. रोख रक्कम नाही, वस्तू आणि सेवा द्यायच्या. कारभारात ढवळाढवळ करायची नाही. मात्र देणगीदार सुचवेल ते नाव त्या मुदतीपुरतं शाळेला देता येईल. आधी दोन शाळांत करून पाहू, असं काही नाही. एक कागद आणि सगळं राज्य.

मला कंपन्यांचं वावडं नाही. आमच्या शाळेत एका कंपनीने पाण्याचा मोठा फिल्टर बसवून दिला होता. फीत कापली, फोटो निघाले, मुलं स्वच्छ पाणी प्यायली. कँडल बदलायची वेळ आली तेव्हा कंपनीतले साहेब बदलले होते, महापालिकेच्या दफ्तरी त्या फिल्टरची नोंदच नव्हती. शेवटी आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली. आयर्लंडमधला पेट्रन पैसे देत नाही, पण पालक दारात आले तर उत्तर त्याने नेमलेल्या मंडळाला द्यावं लागतं. इथला देणगीदार कोटींचं सामान देणार आणि उत्तर द्यायला कुणी नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक बसवलेत; देणगीदार ठरवताना निदान त्यांना तरी विचारा.

आणि एक कारकुनी शंका, पण आयुष्यभर दाखले लिहिलेत म्हणून सुचते. शाळेला पाच वर्षं कंपनीचं नाव, नंतर ते गेलं. त्या काळात शिकलेलं पोर पुढे जातपडताळणीला जाईल तेव्हा त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शाळेचं कोणतं नाव असेल? एका वेलांटीपायी पालकांना महिनोन्‌महिने खेटे घालताना मी पाहिलंय. ठाण्यात ज्यांच्या टेबलावर ही फाइल असेल त्यांनी एवढं आधी लिहून द्यावं.