ओळंबा, गोधड्या आणि चौदा चॅनल: मोजणी चौथी

हेडफोन घातले तरी सात स्पीकर खोलीत भोवती वाजताहेत असं वाटावं, म्हणून मी स्वतःच्या कानांत माइक घालून स्पीकरचा आवाज मोजतोय. काल रात्री दीड वाजता चौथी मोजणी संपली आणि पहिल्यांदाच सेंटर चॅनल, म्हणजे समोरच्या मधल्या स्पीकरचा आवाज, डोक्यातून बाहेर पडून समोर गेला. साधारण दोन हातांवर, टेबलाच्या कडेपाशी. तीन आठवडे याच्यासाठीच धडपड चालली होती.

माझ्याकडे पाच इंची मॉनिटरची, म्हणजे स्टुडिओ स्पीकरची, एकच जोडी आहे, त्यामुळे सात स्पीकरचं काम खुर्ची फिरवून करतो. डावा मॉनिटर तीस अंशांवर आहे. मी उजवीकडे साठ अंश वळलो की तोच नव्वदावर येतो आणि साइड चॅनल होतो. पण खुर्ची फिरली की डोकं सरकतंच. तिसऱ्या मोजणीचा आलेख मोठा करून पाहिला तर सेंटरचा आवाज डाव्या कानात ४ सॅम्पल आधी पोचलेला. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेताना, ४ सॅम्पल म्हणजे जेमतेम ०.०८ मिलिसेकंद. पण अगदी बाजूने येणाऱ्या आवाजालाही दोन कानांत ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचाच फरक पडतो. त्या हिशेबाने माझं तोंड नऊएक अंश उजवीकडे वळलेलं होतं आणि मला पत्ताही नव्हता.

खाली जिन्याचं काम चाललंय. तिथल्या गवंडीकाकांकडून ओळंबा मागून आणला आणि पंख्याच्या खालच्या कपाला बांधला, टोक टाळूवरच्या केसांना टेकेल इतकाच. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर खडूने खुणा केल्या. आता खुर्ची फिरवली की आधी टोक लागतंय का बघायचं, मग नजर खुणेवर, मग स्वीप (खर्जापासून टिपेपर्यंत चढत जाणारा मोजणीचा आवाज). या वेळी सेंटरला फरक शून्य!

दुसरी चूक माइकची. इअरप्लगच्या स्पंजला भोक पाडून त्यात इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे इवलासा माइक, बसवलीय. आधी मी स्पीकरचे स्वीप झाले की माइक काढून पाणी प्यायला जायचो, परत घालायचो आणि मग हेडफोनचे स्वीप घ्यायचो. हे मुळीच करू नका. दोन्ही वेळा तोच माइक त्याच जागी असेल तरच स्पीकरच्या मोजणीतून हेडफोनची मोजणी वजा करताना त्याचा स्वतःचा रंग निघून जातो. तो मिलिमीटरभर हलला तरी कानाच्या पाळीच्या वळणांमुळे सहा-सात किलोहर्ट्झच्या वर आवाजाच्या पातळीत पडणारे खड्डे सरकतात, भरपाई भलत्याच ठिकाणी होते आणि प्रत्येक 'स' कानाला टोचतो.

आता अडचण उन्हाळ्याची. पंखा बंद ठेवावा लागतो, घाम येतो आणि उजवा स्पंज निसटतो. दांडिया बाजारात रात्री एकपर्यंत गाड्या थांबत नाहीत, एका हॉर्नने अख्खा स्वीप वाया जातो. म्हणून एकनंतर बसून वीस मिनिटांत सगळं उरकायचं, असं ठरवून टाकलंय.

उजव्या भिंतीवरून साडेतीन मिलिसेकंदांनी परतणारा आवाज आईच्या दोन गोधड्या टांगल्यावर बराच मवाळ झाला. ४८ हर्ट्झच्या आसपासच्या खर्जाच्या फुगवट्यावर मात्र गोधडीचा काही उपयोग नाही. खोलीची लांबी बारा फूट, तिथे ही लाट उभी राहणारच. तो इक्वलायझर एपीओमध्ये (विंडोजवर आवाजाच्या पातळ्या कमीजास्त करणारं सॉफ्टवेअर) चार डेसिबलने खाली आणला.

इम्पल्सिफर या मोजणीच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली चौदा चॅनलची फाइल, म्हणजे सात स्पीकर गुणिले दोन कान, हेसुवीत (हेडफोनवर सराउंड आवाज देणारं सॉफ्टवेअर) टाकली. मागचे चॅनल आता खरोखर मागे आहेत. डावा मागचा अजून थोडा वर चढतो, खुर्चीच्या पाठीचा परिणाम असावा. पुढच्या वेळी स्टुलावर बसणार.

सकाळी बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "मागचं छान येतंय रे, पण समोरचा बोलतोय तो माझ्या कपाळावरून." साहजिक आहे, कान माझे मोजलेत. शनिवारी रात्री त्यांचे मोजायचे ठरलेत. पंखा वीस मिनिटांच्या वर बंद राहणार नाही, ही त्यांची अट.