खाऱ्या वाऱ्यात स्पिरुलिनाची शेव: माघ-फाल्गुनातल्या नोंदी

किनाऱ्यावर स्पिरुलिना (टाकीत वाढवलेलं खाण्याचं निळं-हिरवं शेवाळ) वाळवताना ऊन पुरतं, आड येतो तो हवेतला ओलावा. 30 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा 50 अंशांवर नेली की तिची आर्द्रता 27-28 टक्क्यांवर उतरते. म्हणून तापवायची ती हवा, शेव नव्हे. काळ्या पत्र्याच्या, वर काच असलेल्या पेटीतून हवा ओढून अंधाऱ्या कपाटातल्या जाळ्यांवर सोडायची. आमसुलांसारखं थेट उन्हात पसरलं तर हिरवा-निळा रंग उडतो.

या हंगामात बदल केला तो वेळेत. सकाळची मतलई जमिनीवरून येते, ती कोरडी. दुपारी खारा वारा सुटला की पेटीत शिरणारी हवाच दमट. त्यामुळे काढणी उजाडायच्या आत, आणि आठपर्यंत शेव जाळीवर.

गाळलेला लगदा गोड्या पाण्याने एकदाच, झटपट धुवायचा. न धुतल्यास टाकीतला सोडा उतरत नाही आणि चव खारट-तुरट लागते. जास्त धुतल्यास पेशी फुटतात, निथळणारं पाणी निळं दिसतं. ते निळं म्हणजे वाहून चाललेलं फायकोसायनिन, स्पिरुलिनातलं निळं रंगद्रव्य. मग कापडात बांधून वजनाखाली दाबायचा. मुठीत धरल्यावर बोटांमधून ओघळत असेल तर अजून दाबा, नाहीतर सोऱ्यातून पडलेली शेव जाळीवर चिकटून सपाट होते. चकती 2 मिलिमीटरची, एकच थर, शेवेत मोकळी जागा.

पहिले दोन तास पंखा पूर्ण वेगात, हवा 45 अंश. सुरुवातीलाच आच वाढवली तर वरची साल कडक होते, आत ओल अडकते आणि डब्यात बुरशी धरते. उलट हवा संथ ठेवली तर ओली शेव आंबते. तो कुबट वास नंतर जात नाही. पुढे 50-55 अंश चालतील, 60 ओलांडू नका.

झालं की नाही ते वजन सांगतं: 80 टक्के पाण्याचा एक किलो लगदा 215 ग्रॅमवर आला म्हणजे ओलावा 7 टक्के. शेव कटकन मोडायला हवी, वाकता कामा नये. गार होताच हवाबंद बरणीत भरा. उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत पुन्हा नरम पडते.

पावसाळ्यात ही पेटी चालत नाही. तेव्हा ओला लगदा त्याच दिवशी कोंबड्यांच्या खाद्यात मिसळावा.