मागची पत्र्याची खोली

आज शेवटी बागेमागची पत्र्याची खोली उघडली. बाबा गेले तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, कुलूपच होतं.

इंदूरमध्ये कचरा टाकणं तसं सोपं. गाडी रोज दाराशी येते. 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर काय उगाच आला? फुटक्या कुंड्या, तडकलेला पाइप, गंजकी झारी हे सगळं अटालेवाल्यासाठी, म्हणजे भंगारवाल्यासाठी, बाजूला काढलं. कीटकनाशकाच्या बाटल्या आणि वाळलेल्या रंगाचे डबे वेगळे बांधले, ते सुक्या कचऱ्यात टाकायचे नसतात. अर्ध्या तासात एवढं उरकलं.

मग खुरपं हाती आलं. पातं झिजून बोटभर उरलंय. मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, आणि बाबांचा अंगठा टेकायचा तिथे रबरावर खळगा पडलाय. मी माझा अंगठा ठेवून पाहिला. बरोबर बसला. तशीच पायरीवर बसून राहिले, किती वेळ कोण जाणे.

खाली एका बरणीत वालाचं बी होतं. आत चिठ्ठी, त्यांच्याच अक्षरात: 'आईच्या परसातला वाल, 2011'. इतकं जुनं बी सहसा रुजत नाही, मला ठाऊक आहे. तरी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेत.

आई म्हणाली, "अगं, टाक आता, किती सांभाळशील?" आणि तिनेच ती चिठ्ठी पदराने पुसून चष्म्याच्या घरात ठेवली.

खुरपं मागच्या दाराशी टांगलंय. उद्या सकाळी गाडी आली की डबे द्यायचेत. वाल रुजला तर इथे कळवीनच.