सामना तीन भागांचा

खेळाने माणसं जोडली जातात, हे कोल्हापुरात तरी डोळे झाकून म्हणता येत नाही. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पेठेविरुद्ध पेठ उतरली की मैदानातली ईर्षा गॅलरीत चढते आणि कधी कधी शेवटच्या शिट्टीनंतर रस्त्यावर येते. १९६९ साली एल साल्वादोर आणि होंडुरास यांच्यात लढाई जुंपली. भांडण जमिनीचं आणि स्थलांतरितांचं होतं, पण फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांनी आगीत तेल ओतलं.

विश्वचषकात चुकून आपल्याच संघावर गोल करून मायदेशी परतलेल्या आंद्रेस एस्कोबार या फुटबॉलपटूची जुलै १९९४ मध्ये कोलंबियातल्या मेडेलिनमध्ये हत्या झाली. पुढे त्याच शहरात, वैर असलेल्या वस्त्यांतल्या पोरांसाठी तीन भागांचा फुटबॉल सुरू झाला. आपल्या पेठांतल्या बारा-चौदा वर्षांच्या पोरापोरींसाठी तो जसाच्या तसा चालेल.

पहिल्या भागात दोन्ही संघ सरमिसळ होऊन वर्तुळात बसतात आणि दहा मिनिटांत तीन नियम स्वतःच ठरवतात. उदाहरणार्थ, पाडलं तर हात देऊन उठवायचं. गोल झाल्यावर समोरच्यांना डिवचायचं नाही. मुलीचा गोल झाल्याशिवाय मुलांचे गोल धरायचे नाहीत. तीनाहून जास्त नियम खेळताना कुणाच्या ध्यानात राहत नाहीत. मग पाच-पाच जणांचा सामना. पंच नसतो. फाऊल खेळाडूच कबूल करतात, मध्यस्थ कडेला उभा राहून टिपणं घेतो. तिसऱ्या भागात पुन्हा वर्तुळात बसून एकमेकांना शून्य ते तीन वर्तनगुण द्यायचे. जिंकल्याला तीन, बरोबरीला दोन, हरल्याला एक, त्यात हे मिळवायचे. म्हणजे हरलेला संघही गुणांत पुढे जाऊ शकतो, आणि खरी मेख इथंच आहे.

बिघडतंही इथंच. "तुम्ही तीन द्या, आम्ही तीन देतो" अशी मांडवली होते. म्हणून प्रत्येक गुणामागे मैदानात घडलेला एक प्रसंग सांगायलाच लावा: कोण पडला, कुणी उचललं. मध्यस्थ तिसऱ्या पेठेचा हवा, नाहीतर त्याच्या टिपणांवर कुणी विश्वास ठेवत नाही. प्रशिक्षकाला तर मध्यस्थ करूच नये; तो भाषण ठोकतो आणि पोरं माना डोलावून गप्प बसतात. हरलेले लगेच घरी पळतात, तेव्हा चर्चा संपेपर्यंत गुणपत्रक वाचूच नका.

६ एप्रिल हा संयुक्त राष्ट्रांचा खेळ आणि शांततेचा दिवस. तेवढ्यापुरता एक सामना घेतला, तर फलक आणि फोटो उरतात. दर रविवारी, अख्खा हंगाम, तीच पोरं समोरासमोर यायला हवीत.