आमची वाटचाल: महागडा ट्यूनर घ्यावा का?

"मेस्त्री, ट्यूनर बसवला तर गाडी किती पळंल?" कोल्हापुरात मोटारसायकलचं वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा कॉलेज संपवून नुकता नोकरीला लागलेला असतो. गाडी हप्त्यावर असते आणि ट्यूनरची, म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल सोडायचं ते बदलणाऱ्या उपकरणाची, किंमत त्याच्या महिनाभराच्या पगाराएवढी असते. त्यामुळे उत्तर विचार करून द्यावं लागतं. तसाच प्रश्न पुढे आमच्या धंद्यापुढेही उभा राहिला, डायनो या गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा आणि फार मोठ्या आकड्याचा. वाटचाल लिहायला बसलो तेव्हा सगळं याच एका निर्णयाभोवती फिरतंय हे लक्षात आलं.

आबांनी १९८८ साली शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवरची नोकरी सोडून गॅरेज टाकलं. उद्यमनगर म्हणजे ऑइल इंजिनं घडवणारी वस्ती, तिथं शिकलेल्या माणसाच्या बोटांना धातू कळतो. तेव्हा गावात म्हैसूरच्या येझदी होत्या आणि यामाहाची आरएक्स १०० नवीन होती. ९८ सीसीची ती गाडी पोरांना वेड लावायची. सिलिंडरचं एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर पडायचं भोक, अर्धा मिलिमीटर वर घेतलं तरी गाडीचा स्वभाव बदलतो. वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना, ताकद येते, पण खाली ती मरते. आबा हे काम हाताने, बारीक कानशीने करायचे आणि गिऱ्हाइकाला आधीच बजावायचे, "चढाला दुसऱ्यात टाकावी लागंल, मग तक्रार करू नगंस."

पेट्रोलचं गणित जेटवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर, असायचं. पितळी जेटवर कोरलेला आकडा बघून मेन जेट बदलायचा, सुईची क्लिप एक खाच वर-खाली करायची आणि गाडी वाघबिळाच्या चढाला न्यायची. पूर्ण थ्रॉटलवर चढवून क्लच दाबून तिथंच इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. पोर्सेलीन कॉफीच्या रंगाचं आलं की जमलं. पांढरट आलं तर पेट्रोल कमी पडतंय, काळं काजळी धरलेलं आलं तर जास्त होतंय. ट्यूनिंगचा सगळा खर्च म्हणजे एखादा जेट, एक प्लग आणि सकाळचे दोन तास.

माझ्या हातात वर्कशॉप आलं तोवर गाड्या बदलत होत्या. कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी हिरो होंडाची ग्लॅमर एफआय २००६ साली आली, पाठोपाठ पल्सर २२० डीटीएस-एफआय आली. पण आमच्या दारात खरा बदल आणला केटीएमने. २०१२ साली ड्यूक २०० आणि २०१३ साली ड्यूक ३९० चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. ३७३ सीसीच्या एका सिलिंडरमधून त्रेचाळीसच्या वर अश्वशक्ती काढणारी गाडी दोन-अडीच लाखाच्या आत मिळणं ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांवरून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. कित्येक जुन्या मेस्त्रींनी त्या वेळी नव्या गाड्यांना हात लावणंच सोडलं. आम्ही लॅपटॉप घेतला.

इंजेक्शनच्या गाडीत जेटची जागा एका तक्त्याने घेतलेली असते. आडव्या ओळीत आरपीएम, उभ्या ओळीत थ्रॉटल किती उघडलाय ते, आणि प्रत्येक खान्यात इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा याचा आकडा. यालाच मॅप म्हणतात. रस्त्यावर सावकाश चालताना इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या बेंड पाईपमधला ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, सतत सांगत असतो की धुरात हवा उरतेय की पेट्रोल, आणि ईसीयू त्याप्रमाणे आकडा दुरुस्त करत राहतो. पूर्ण थ्रॉटल दिला की ईसीयू त्या सेन्सरचं ऐकणं सोडून थेट तक्त्यावर चालतो. ट्यूनर घ्यायचा की नाही याचं निम्मं उत्तर या एका गोष्टीत आहे. इंजिनात जाणारी हवा कंपनीने ठरवली तेवढीच असेल, तर तक्ता बरोबरच आहे. फ्री-फ्लो सायलेन्सर, उघडा फिल्टर, कॅम बदलून हवा वाढवली, तर पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, आणि एक्झॉस्ट वाल्व्ह किंवा पिस्टन त्याची किंमत मोजतो.

बाजारात ट्यूनर म्हणून जे विकलं जातं त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका गिऱ्हाइकाने ऑनलाइन मागवलेली एक 'पॉवर चिप' आम्ही टेबलावर उघडली. आत दोन एलईडी, काळी राळ, आणि राळ खरवडल्यावर एकच रेझिस्टर. तो हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत जोडायचा होता. ईसीयूला वाटावं की बाहेर थंडी आहे, म्हणून त्याने सगळीकडे थोडं पेट्रोल जास्त सोडावं, एवढीच त्याची करामत. याला ट्यूनिंग म्हणणं म्हणजे त्या पोराच्या कष्टाच्या पैशाशी खेळणं आहे, आणि याचा मला आजही राग येतो.

दुसरा प्रकार पिगीबॅकचा. अमेरिकेच्या डायनोजेटचा पॉवर कमांडर किंवा बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक हे या जातीचे. ते ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसतात आणि इंजेक्टर उघडण्याची वेळ कमी-जास्त करतात. काही स्पार्कचं टायमिंगही हलवतात. ही खरी यंत्रं आहेत. पण ऑक्सिजन सेन्सर चालू असेल तर हे पेट्रोल वाढवतात आणि ईसीयू ते परत कापतो. म्हणून सेन्सरसाठी वेगळा जोड द्यावा लागतो. तो न बसवता पैसे घेणारे लोक आहेत. तिसरा प्रकार फ्लॅशिंगचा, थेट ईसीयूतला मॅपच बदलायचा. यातल्या बऱ्याच उपकरणांत एकदा एका गाडीला जोडलं की ते त्या गाडीशीच बांधलं जातं, दुसऱ्या गाडीसाठी नवीन लायसन्स विकत घ्यावं लागतं. घेण्याआधी ही एक गोष्ट तरी विचारावीच.

आता आमचा स्वतःचा निर्णय. गाड्या वाढल्या तसं वाटू लागलं की आपल्याकडे डायनो हवा. मागचं चाक ड्रमवर चढवायचं आणि ताकद कागदावर काढून द्यायची. चौकशी केली तेव्हा कळलं की दोन प्रकार आहेत. इनर्शिया डायनोत जड ड्रम असतो. तो किती वेगाने फिरायला लागतो त्यावरून ताकद काढतात. तो स्वस्त, पण त्यावर मुख्यतः पूर्ण थ्रॉटलची धावच मोजता येते. मॅपचा खाना खाना बसवायचा तर एका आरपीएमला गाडी धरून ठेवावी लागते, आणि त्यासाठी एडी करंट ब्रेक, म्हणजे ड्रमला विजेच्या चुंबकाने रोखणारा ब्रेक, असलेला डायनो लागतो. आम्हाला तोच हवा होता. ड्युटी, जीएसटी, वाहतूक धरून हिशोब पंचवीस लाखांवर गेला.

बायको वर्कशॉपचे हिशोब बघते. तिने रात्री वही उघडली. पंचवीस लाख, अकरा टक्के व्याज, पाच वर्षं: महिन्याला साधारण ५४ हजारांचा हप्ता. एका गाडीमागे डायनोचे तीन हजार सुटतात असं धरलं तरी नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला अठरा गाड्या चढवायला हव्यात. त्यात वेगळी खोली, धूर बाहेर काढणारा पंखा, जागेवर उभ्या गाडीला रस्त्याएवढा वारा मारणारा मोठा ब्लोअर, आणि ते चालवणारा शिकलेला माणूस धरलेलाच नव्हता. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी मिळून महिन्याला अठरा गाड्या येतील का? रेसिंगचा हंगाम सोडला तर येणार नाहीत. तिने एवढंच विचारलं, "ह्यातनं गिऱ्हाइकाला काय मिळणार? कागदच ना?"

तिचा प्रश्न रास्त होता. डायनोचा कागद हवेवर अवलंबून असतो. मे महिन्यातली तापलेली हवा, जुलैतली ओली हवा, साडेपाचशे मीटर उंचीवरचं आमचं कोल्हापूर आणि समुद्रसपाटीचा गोवा, सगळीकडे तीच गाडी वेगळा आकडा देते. करेक्शन फॅक्टर लावून तो एका पातळीवर आणतात, पण दोन वर्कशॉपांच्या डायनोंचे आकडे शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नसतो. डायनोचा खरा उपयोग आहे तो त्याच दिवशी, त्याच मशीनवर, बदलाच्या आधी आणि नंतर मोजण्यासाठी.

मग आम्ही वाइडबँड मीटर घेतला. गाडीतला मूळ सेन्सर फक्त जास्त की कमी एवढंच सांगतो; वाइडबँड नेमकं किती ते सांगतो. बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर, डेटा साठवणारा लॉगर, चांगला स्कॅनर, आणि दोन सिलिंडरच्या गाड्यांचे थ्रॉटल जुळवायला व्हॅक्यूम गेज. सगळं मिळून डायनोच्या दोन-तीन हप्त्यांत आलं. बेंड पाईपला सेन्सर बसवायचा बुश वेल्ड करताना तो कधी खाली तोंड करून लावायचा नाही, थोडा तिरपा वरच्या बाजूला लावायचा, नाहीतर पाईपात साठलेलं पाणी सेन्सरवर येऊन तो फुटतो. चाचणीला भल्या पहाटे पुन्हा वाघबीळ. चढ गाडीवर तोच भार देतो, एका गिअरमध्ये एका वेगाने चढवत नेलं की मॅपमधले बरेच खाने वाचून होतात.

मीटर आल्यावर गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते बदललं. एक ड्यूक ३९० आली होती. मालकाची तक्रार: तीन हजार आरपीएमला झटके खाते, पंखा सारखा चालू, ट्यूनर बसवायचाच. पैसेही घेऊन आला होता. आधी तपासू म्हटलं. चेन ढिली, एअर फिल्टर मातीने भरलेला, थ्रॉटल बॉडीत काळा थर, आणि टॅपेट तपासले तर एक्झॉस्ट वाल्व्हची फट कमी. सगळं नीट करून मीटर लावला. कमी आरपीएमला गाडी मुळातच कंजूष मापावर चालते, प्रदूषणाच्या नियमांसाठी ती तशीच बनवलेली आहे. तेवढा स्वभाव राहिला. झटके गेले. त्याला समजावलं, "भावा, चौथ्यात तीन हजारावर ओढू नकोस, एक गिअर खाली टाक." तो ट्यूनर न घेता गेला. त्या दिवशी आमची विक्री बुडाली, पण त्याचे तीन मित्र सर्व्हिसिंगला आमच्याकडे यायला लागले.

याच्या उलट एक गाडी फक्त ट्रॅकवर आणि ड्रॅग रेसला पळणारी. मोकळा पाईप, उघडा फिल्टर. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलचं माप; पेट्रोल नेमकं जळेल एवढीच हवा असेल तर तो एक, पेट्रोल जास्त असेल तर एकाच्या खाली. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.९७ दिसत होता, तिथं ०.८९ च्या आसपास हवा. म्हणजे त्या खान्यांत पेट्रोल सुमारे नऊ टक्के वाढवायला हवं. अशा गाडीला चांगला ट्यूनर न घालणं हेच महाग पडतं. पिगीबॅक घातला, खाने भरले, आणि शेवटची पडताळणी पुण्याला एका डायनोवर तासाने भाडं देऊन केली. मागच्या चाकावर दीड-दोन अश्वशक्ती वाढली. ऐकायला थोडी वाटते, पण मधल्या आरपीएमला ओढ सरळ झाली आणि हंगामभर हेड उघडावं लागलं नाही. मालकासाठी खरा फायदा हाच होता.

मधल्या काळात पंपावरचं पेट्रोलही बदललं. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आता टाकीत येतं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास माप बसतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला याचा सरळ अर्थ असा, की आबांनी बसवलेला जेट आता एक नंबर लहान पडतो. आरएक्सवाल्यांना आम्ही ट्यूनर नव्हे, जेट बदलून देतो आणि जुने रबरी पाईप तपासायला सांगतो. मीटरवर आता हवा-पेट्रोलचा आकडा न बघता लॅम्डाच वाचतो, कारण मिश्रण कुठलंही असलं तरी एक म्हणजे एकच.

काही कामं आम्ही घेत नाही. रस्त्यावरच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे पाईपातला विषारी धूर साफ करणारा भाग, काढायचा आणि मग ते झाकायला मॅप बदलायचा, हे आमच्याकडे होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही. शिवाय अशा गाडीचा आवाज आमच्याच गल्लीतल्या आजारी माणसांना ऐकावा लागतो. अशी गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात, जाऊ देत.

एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कळवण्याच्या यंत्रणेचा, पुढचा टप्पा आला आहे, राइड-बाय-वायर वाढतंय. नव्या ३९९ सीसीच्या ड्यूकमध्ये तुम्ही मूठ फिरवता तेव्हा थ्रॉटल किती उघडायचा ते ईसीयू ठरवतो. इथं चढावरची चाचणी अपुरी पडते, गाडी धरून मोजावी लागते. म्हणून डायनोचा विचार पुन्हा वर आला आहे, पण एकट्याने घ्यायचा नाही. कोल्हापूर आणि सांगलीच्या काही वर्कशॉपवाल्यांशी बोलणं चालू आहे: ब्रेकवाला एक डायनो सामाईक घ्यायचा, खोली आमची, हप्ता वाटून, आणि प्रत्येकाला ठरलेले दिवस. दोघांनी होकार दिलाय. मशीन कुणाच्या चुकीने बिघडलं तर दुरुस्ती कुणी भरायची, या कलमावर गाडी अडली आहे. बायकोने त्याचा मसुदा केलाय, दिवाळीनंतरच्या बैठकीत तो मांडणार आहोत.