तुम्ही विचारलंत म्हणून: रोज खिशात ठेवायला कोणता चाकू घेऊ?

रोज बरोबर ठेवायला कोणता मल्टीटूल चाकू घेऊ, हे मला ट्रेकच्या ग्रुपवर विचारतात, ऑफिसात विचारतात, आणि आता नात्यातली मंडळीपण विचारायला लागलीत, कारण कुठेही पार्सल उघडायचं असलं की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतात. दरवेळी तुकड्यातुकड्यात सांगते, म्हणून आज एकदाच नीट लिहिते. माझं उत्तर व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा कॉम्पॅक्ट. लाल मूठ, बंद असताना 91 मिलिमीटर लांब, वजन साधारण 65 ग्रॅम. तुमची कामं वेगळी असतील तर तुमचं उत्तर वेगळं निघेल, त्याबद्दलही पुढे लिहिलंय.

सगळ्यात आधी जाडी बघा, फंक्शन नंतर. दुकानात व्हिक्टोरिनॉक्सचाच स्विसचॅम्प हातात घेतला की कुणालाही तोच हवा असतो, 33 फंक्शन्स, त्यात भिंग, करवत, पक्कड, मासा खवलायचं पातंसुद्धा. पण तो 185 ग्रॅमच्या आसपास भरतो, कुर्त्याच्या खिशात टाकला की कुर्ता एका बाजूला ओढला जातो, आणि बायकांच्या जीन्सच्या खिशात तर धड फोन मावत नाही, तिथे हा कुठे बसणार. मग तो पर्समध्ये जातो, तिथून प्रवासाच्या बॅगेत, तिथून कपाटात, आणि ज्या दिवशी लागतो त्या दिवशी घरी असतो. मी हे कितीतरी जणांच्या बाबतीत बघितलंय.

खरं तर जाडी आणि वजन हा प्रश्न या चाकूच्या जन्मापासूनचा आहे. कार्ल एल्सेनरने 1884 साली स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात कारखाना काढला, तोच पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाला, आणि 1891 मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्यात चारच गोष्टी होत्या, पातं, भोक पाडायची आरी, कॅन ओपनर आणि स्क्रू ड्रायव्हर, कारण सैनिकाला डबे उघडायचे असायचे आणि नवीन रायफल खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागायचा. चाकू दणकट होता पण जड. मग 1897 मध्ये एल्सेनरने ऑफिसर्स नाइफ आणला, त्यात चाकूच्या पाठीतली पोलादी स्प्रिंग दोन्ही अंगांनी वापरली, म्हणजे तीच स्प्रिंग पुढच्या बाजूची पातीही दाबून धरते आणि पाठीकडची हत्यारंही. त्यामुळे नुसत्या दोन स्प्रिंगांवर सहा हत्यारं बसली. मला ही युक्ती फार म्हणजे फारच आवडते, सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी आपण खिशात तीच घेऊन फिरतोय.

कॉम्पॅक्ट मला आवडतो तो याचसाठी, की तीच काटकसर यात आणखी पुढे नेलीय. या आकारात कात्री हवी असली की सहसा तिसरा थर, म्हणजे मुठीत शेजारीशेजारी बसणाऱ्या हत्यारांची आणखी एक ओळ, घ्यावा लागतो, त्यांच्याच क्लायंबर मॉडेलमध्ये तसंच आहे, तो ऐंशी ग्रॅमच्या वर जातो. कॉम्पॅक्टमध्ये छोटं पातं काढून टाकलंय आणि बाटली उघडणं, डबा उघडणं, चपटा स्क्रू फिरवणं, वायर सोलणं ही सगळी कामं एकाच हत्याराला दिलीत, म्हणून दोनच थरांत कात्रीसुद्धा बसली.

आणि कात्रीच महत्त्वाची आहे हो! लोक पातं बघून चाकू घेतात पण दिवसभरात काय कापतो याची एकदा मनातल्या मनात यादी करा: दुधाच्या पिशवीचा कोपरा, गोळ्यांच्या पट्टीतल्या दोनच गोळ्या कापून घेणं, नवीन ड्रेसचा टॅग, ओआरएसचं पाकीट, ट्रेकमध्ये कुणाच्या टाचेला फोड आला की चिकटपट्टी, लोंबणारा धागा, गजऱ्याचा दोरा. यातलं जवळजवळ सगळं कात्रीचं काम आहे. शिवाय माणसांमध्ये बसलेलं असताना पातं उघडलं की शेजारचा दचकतो, कात्री उघडली तर कुणी मान वर करूनही बघत नाही. पात्याला अर्थात पर्याय नाही, सुतळी कापायला, कुरिअरच्या खोक्याची टेप चिरायला, आणि मे महिन्यात कुठेतरी रस्त्याकडेला गाडी थांबवून आंबा कापायला.

कॉम्पॅक्टच्या पाठीला एक आकडा, म्हणजे हुक, असतो, लोक विचारतात हा कशाला. तो दोरीने बांधलेलं पार्सल उचलायला दिलेला आहे. मंडईतून येताना पातळ पिशव्यांचे बंद बोटांत रुततात ना, तेव्हा ते आकड्यात अडकवायचे आणि मूठ हातात धरायची, बोटं सुटतात. त्याच आकड्यावर नखं घासायची कानस पण आहे. मुठीत चिमटा आहे, पावसाळा संपल्यावर सह्याद्रीत चालून आलात की सॉक्समध्ये जी कुसळं घुसतात आणि करवंदीचे जे काटे हातात मोडतात त्यांच्यासाठी तो पुरतो. मुठीतच एक बारीक पेन आहे, आणि वाइनचं बूच काढायच्या कॉर्कस्क्रूमध्ये वळवून बसवलेला इवलासा स्क्रू ड्रायव्हर, तो चष्म्याच्या स्क्रूसाठी. वाइन मी पीत नाही, पण घट्ट बसलेली ओली गाठ सोडवायला कॉर्कस्क्रूच्या टोकासारखं दुसरं काही नाही.

आता तुमची कामं वेगळी असतील तर. बाइक, सायकल, घरातलं वायरिंग असलं काही सारखं करत असाल तर तुम्हाला पक्कड लागणार, आणि मग लेदरमन कंपनीकडेच जा, त्यांच्या टूलमध्ये पक्कड असते. टिम लेदरमन 1975 मध्ये जुनी फियाट घेऊन युरोपभर फिरत होता, गाडी सारखी बिघडायची, खिशातल्या साध्या चाकूला पक्कड नव्हती, तिथून त्याच्या डोक्यात ही कल्पना आली आणि पहिलं टूल बाजारात यायला 1983 साल उजाडलं. त्याचं वेव्ह मॉडेल उत्तम आहे पण 240 ग्रॅम आहे, ते बॅगेत ठेवायचं. रानात, शेतात काम असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचाच फार्मर घ्या, ॲल्युमिनियमची मूठ आणि चांगली करवत. आणि फक्त किल्ल्यांना अडकवायला काहीतरी हवंय असं असेल तर क्लासिक एसडी, 58 मिलिमीटर, वीस-बावीस ग्रॅम, त्यातही कात्री आहे. मैत्रिणींना मी बहुतेक वेळा हाच सांगते.

एक सांभाळा, कॉम्पॅक्टचं पातं उघडल्यावर लॉक होत नाही. त्यामुळे टोक खुपसून जोर लावायचा नाही, पातं मिटून बोटावर येतं. ओढत कापायचं.

कायद्याचं पण सगळे विचारतात. आपल्याकडच्या शस्त्र नियमांत चाकूसाठी पात्याची मर्यादा 9 इंच लांबी आणि 2 इंच रुंदी अशी आहे, खिशातला चाकू त्याच्या आसपासही जात नाही. तरी मेट्रो, मॉल, थिएटर, कोर्ट अशा ठिकाणी सिक्युरिटीवाले अडवू शकतात, तिथे वाद न घालता घरीच ठेवून जावं, ते त्यांचं काम करतायत. विमानात केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये टाका. 2001 नंतर विमानातल्या बंदीमुळे खुद्द व्हिक्टोरिनॉक्सची विक्री धाडकन कोसळली होती, तरी त्यांनी माणसं न काढता काही कामगार तात्पुरते दुसऱ्या कंपन्यांत पाठवले. या कंपनीबद्दल मला जी आपुलकी वाटते त्यात याचा मोठा वाटा आहे.

देखभाल सोपी आहे. कोकणात समुद्रावर नेलात किंवा आंब्याचा चीक लागला तर त्याच दिवशी कोमट पाण्यात सगळी हत्यारं दोनचारदा उघडझाक करायची आणि पूर्ण सुकवायचा, पोलाद स्टेनलेस असलं तरी खारं पाणी सांध्यात राहिलं की डाग पडतात. मग सांध्यात तेलाचा एकेक थेंब. खोबरेल घालू नका, थंडीत गोठतं आणि नंतर चिकट होतं, मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं ते बरं, फळ कापलं तरी चिंता नाही. धार लवकर जाते अशी तक्रार असते, ती खरीय, पोलाद मुद्दाम फार कडक ठेवलेलं नाही, पण त्यामुळेच निसण्यावर पाच मिनिटांत धार परत येते. कात्रीची बारीक स्प्रिंग कधी ना कधी तुटते, ती सुटी मिळते आणि घरी बदलता येते, चिमटा-दातकोरणं हरवलं तर तेही सुटं मिळतं.

घेताना नक्कल टाळा, मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव आणि स्विस मेड कोरलेलं असतं ते बघा, आणि दुकानात प्रत्येक हत्यार नखाने उघडून पाहा. कात्री मिटताना अडखळत असेल तर दुसरा पीस मागा.