रद्दीला निघालेली विमा पॉलिसी

गेल्या उन्हाळ्यात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका बंद डाईंग कारखान्याचे मालक माझ्याकडे आले. त्यांच्या हिशेबाचे काम मी अनेक वर्षे पाहतो. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. वडिलांच्या काळात तिथे चादरीचे सूत रंगत असे. आता जागा विकायची होती, पण घेणाऱ्याने मातीची तपासणी मागितली. जुन्या हौदांजवळ वीतभर खणताच माती निळसर-काळी निघाली आणि शेजाऱ्यानेही बोअरला रंगीत पाणी येत असल्याची तक्रार केली. साफसफाईच्या खर्चाने अण्णांचा धीर सुटला होता. जाता जाता ते सहज म्हणाले, की वडिलांची लोखंडी ट्रंक उद्या रद्दीवाल्याला द्यायची आहे. मी ती थांबवायला सांगितली, कारण तिच्यात जुन्या विम्याचे कागद असण्याची शक्यता होती.

अमेरिकेत १९८० च्या सुपरफंड कायद्याने दूषित जागेच्या सफाईचा भार जुन्या प्रदूषणासाठीही मालकावर टाकला, तेव्हा अनेकांनी कपाटातल्या जुन्या दायित्व विम्याच्या, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणाऱ्या विम्याच्या, पॉलिसी शोधून काढल्या. या पॉलिसी घटनेवर आधारलेल्या असत, म्हणजे नुकसान पॉलिसीच्या मुदतीत झालेले असले की दावा अनेक वर्षांनी केला तरी चालत असे. रंग किंवा रसायन जमिनीत एका दिवसात मुरत नाही. म्हणून कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मॉन्ट्रोज या रसायन कंपनीच्या विमा प्रकरणात असे ठरवले, की नुकसान जितकी वर्षे चालू राहिले तितक्या वर्षांच्या पॉलिसी त्याला लागू होऊ शकतात. अडचण अपवादाच्या कलमांची होती. १९७० च्या दशकात 'अचानक व अपघाती' नसलेले प्रदूषण वगळले गेले आणि १९८६ पासून तर जवळजवळ सगळेच. त्यामुळे पॉलिसी जितकी जुनी, तितकी ती मोलाची, ही विम्यातली उलटी गोष्ट मला फार गमतीची वाटते. स्वतःची जमीन अशा विम्यात धरत नाहीत, दुसऱ्याचे नुकसान धरतात. म्हणूनच तिथल्या वादांत भूजलाला इतके महत्त्व आले. शेजाऱ्याच्या बोअरची तक्रार अण्णांना संकट वाटत होती, मला मात्र तीच वाट दिसत होती.

ट्रंकेत बहुतेक आगीच्या पॉलिसी निघाल्या. त्यांचा इथे उपयोग नव्हता. पण लाल कापडी बांधणीच्या खतावणीत 'विमा हप्ता – तिऱ्हाईत' अशी, म्हणजे दायित्व विम्याची, नोंद १९६९ पासून सलग चार वर्षे होती आणि एका पानाला कव्हर नोटची, म्हणजे पॉलिसी हाती येईपर्यंत मिळणाऱ्या तात्पुरत्या विमापत्राची, पिवळी पडलेली कार्बन प्रत टाचणीने लावलेली होती. टाचणीचा गंज पॉलिसी क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांवर पसरला होता. मूळ पॉलिसी सापडली नाही, तरी हप्त्याच्या नोंदी, पावत्या आणि एजंटची पत्रे यांवरून ती होती हे दाखवता येते. अमेरिकेत तर असा शोध घेणे हा स्वतंत्र व्यवसायच झाला आहे.

कंपनी आता अस्तित्वात नाही म्हणून अण्णा निराश झाले होते. परंतु आपल्याकडे १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभराहून अधिक कंपन्या नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार कंपन्यांत विलीन झाल्या. त्यामुळे जुन्या कंपनीची देणी कोणाकडे गेली, हे शोधण्याला निदान ठिकाण आहे.

तरीही मी अण्णांना भलती आशा लावली नाही. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा भोपाळनंतर आला आणि त्याचा रोख अपघातग्रस्त माणसांना तातडीची मदत देण्याकडे आहे. वर्षानुवर्षे मुरलेल्या रंगाची माती उपसण्याकडे नाही. आपल्याकडच्या आजच्या बहुतेक दायित्व पॉलिसी दाव्याच्या तारखेवर चालतात, त्यामुळे संपलेली पॉलिसी तिथे बहुधा निरुपयोगीच ठरते. अण्णांचा कागद त्या आधीचा आहे, एवढाच त्याचा जोर. त्यावरचे शब्द नेमके काय होते, हे मूळ प्रत मिळाल्याशिवाय कोणीही सांगू नये, दावा किती वर्षांत करावा हे ठरवणाऱ्या मुदतीच्या कायद्याचा प्रश्न तर वेगळाच.

मी त्यांना एवढेच सांगितले, की सफाईचा ठेका देण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा, कारण न विचारता केलेला खर्च परत देण्यास कंपन्या हमखास नकार देतात. पत्र रजिस्टर पोस्टाने गेले. खतावणी सध्या माझ्या ऑफिसातल्या कपाटात आहे, आणि त्या पानाची टाचणी मी अजून काढलेली नाही.